शून्य पाऊस की मुकं यंत्र?

लेखमाला : पडद्यामागची यंत्रं – भाग ६

मोर्शी-वरुडचा संत्रा पट्टा असो की अकोटकडची कपाशीची वावरं, एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी ठरते. हा पाऊस मोजण्याचं काम आता मोठ्या प्रमाणावर यंत्रांकडे गेलं आहे. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांत दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. तारेच्या कुंपणात एक खांब, सोलर पॅनल, बॅटरी, डेटा लॉगर आणि सिम कार्ड. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांच्या नोंदी दर दहा मिनिटांनी सर्व्हरकडे जातात. संत्र्याच्या हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाईही केंद्रांच्या अशाच आकड्यांवरून ठरते. त्यामुळे केंद्राकडून आलेल्या ‘०.०’ची उलटतपासणी व्हायलाच हवी. त्या आकड्यावर कुणाच्या तरी अख्ख्या हंगामाचे पैसे अडकलेले असतात.

पर्जन्यमापकाच्या आत डोकावलं की ही तपासणी का लागते ते कळतं. नरसाळ्यातून उतरलेलं पाणी आडव्या दांडीवर बसवलेल्या दोन छोट्या वाट्यांपैकी एकीत पडतं. ती भरली की कलंडते आणि दुसरी तिच्या जागी येते. प्रत्येक कलंडण्यासरशी चुंबकामुळे एक स्विच क्षणभर जुळतो आणि लॉगर एक नोंद वाढवतो. वाटी ०.२ मिलिमीटरची असेल, तर ६५ मिलिमीटरसाठी ती ३२५ वेळा कलंडायला हवी. नरसाळ्याच्या तोंडाशी पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा किंवा कोळ्याचं जाळं अडकलं, की वाटी जागची हलत नाही. बॅटरी भरलेली, सिमला रेंज, सर्व्हरच्या पडद्यावर केंद्राच्या नावापुढे हिरवा ठिपका आणि दर दहा मिनिटांनी वक्तशीर शून्य. बाहेर आभाळ फाटलेलं असलं तरी!

कार्यालयांतल्या सर्व्हरची देखरेख याच घडणीची असते. ज्या यंत्रावर लक्ष ठेवायचं तो होस्ट, आणि त्या यंत्रावर बसून मेमरी, डिस्क, प्रोसेसरची खबर मध्यवर्ती मॉनिटरिंग सर्व्हरला देणारा छोटा प्रोग्राम म्हणजे एजंट. होस्टला पिंग केलं आणि उत्तर आलं, तर यंत्र चालू आहे आणि नेटवर्कवर आहे एवढंच कळतं. एजंट चालू आहे का, हा वेगळा प्रश्न. तो चालू असला तरी त्याची शेवटची नोंद कधीची, हा आणखी वेगळा.

झॅबिक्स या प्रणालीत एजंट जिवंत आहे का हे पाहण्याची सोय आहे. एजंट ठीक असेल तर उत्तर १ येतं. तो मेला तर ० येत नाही, काहीच येत नाही. ‘उत्तर शून्य आलं तर कळवा’ असा नियम लावून निर्धास्त झालेल्या माणसाला म्हणून कधीच काही कळत नाही. ‘पाच मिनिटांत काहीच आलं नाही तर कळवा’ असा नियम वेगळा लावावा लागतो. न आलेल्या आकड्याच्या जागी शून्य भरणारं सॉफ्टवेअर तर सर्वांत घातक, कारण ते बिघाडालाच कोरड्या दिवसाचं रूप देतं.

होस्टचं, म्हणजे इथे केंद्राचं, घड्याळही तपासावं लागतं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. घड्याळ तासभर चुकलं, तर साडेआठच्या आसपासची सर भलत्याच दिवसाच्या खात्यात जाऊ शकते.

मेळघाटासारख्या भागात प्रश्न रेंजचा. धारणीकडचा एखादा टॉवर बंद पडला, की त्यावर विसंबलेली सगळी केंद्रं एकदम गप्प होतात. ती सगळी काही बिघडलेली नसतात. नॅगिऑस ही जुनी प्रणाली म्हणूनच होस्ट ‘बंद’ आणि होस्ट ‘पोहोचण्याबाहेर’ असा फरक करते. वाटेतला दुवा तुटला असेल तर माणूस तिथे पाठवायचा, प्रत्येक केंद्रावर नाही.

आकडा आला, वेळेवर आला, तरी तो खरा असेलच असं नाही. ३० मे २०२४ रोजी नागपुरात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या रामदासपेठेतल्या शेतावरच्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं. विद्यापीठाचं मुख्यालय अकोल्यात, आणि वऱ्हाडाला उन्हाचं कौतुक नाही. पण देशातला नोंदलेला उच्चांक ५१ अंशांचा, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६चा. नागपूर परिसरातली दुसरी काही केंद्रं त्याच दिवशी ४४ अंशांच्या आसपास होती. हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं स्पष्ट केलं. ५६ हा आकडा निदान डोळ्यांत भरतो. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले. तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचं तपासणीत निघालं. ४१च्या जागी ४४ आले असते, तर कुणाचं लक्ष गेलं असतं? अशी चूक पकडायला शेजारच्या केंद्रांशी रोजच्या रोज तुलना हाच उपाय.

आणि खुद्द देखरेख करणारी यंत्रणाच झोपली तर? १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी अमेरिकेत ओहायोतल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातलं अलार्मचं सॉफ्टवेअर अडकलं. अलार्म वाजेनात, आणि ते वाजत नाहीत हेही तासाभराहून जास्त वेळ कुणाला कळलं नाही. तोवर तारा झाडांना टेकून एकेक लाइन बाहेर पडत होती. अमेरिका-कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

त्यावर उपाय म्हणून प्रोमिथियस ही देखरेखीची प्रणाली वापरणारे लोक एक उलटा अलर्ट ठेवतात. तो सतत वाजत असतो आणि बाहेरची एखादी स्वतंत्र सेवा तो ऐकत असते. तो थांबला की ती सेवा माणसाला उठवते. ही सेवा त्याच सर्व्हरवर, त्याच इन्व्हर्टरवर ठेवली तर तिचा उपयोग नाही.

सॉफ्टवेअरचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या सेवेची अडचण याच्याही पुढची होती. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीचा बॅकअप होतच नसल्याचं उघड झालं. बॅकअप अपयशी ठरल्याचे ईमेल यंत्रणा पाठवत होती, पण पाठवणाऱ्याची खातरजमा होत नसल्याने ते वाटेतच नाकारले जात होते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. अलर्ट कुणाच्या फोनवर, किती वाजता जावा आणि तो पोहोचल्याची पोच कशी घ्यावी, ते पुढच्या भागात.