लॅब्रॅडॉर की कारवान? निवड घराला साजेशी हवी

घरात कुत्रे पाळायचे ठरले, की मतभेदांना तोंड फुटते. दूरचित्रवाणीवरील जाहिराती पाहिलेली मुले लॅब्रॅडॉरचा हट्ट धरतात. शेतीवाडी सांभाळणारे वडीलधारे मात्र उंच, सडपातळ कारवान जातीची बाजू घेतात. दोन्ही जाती गुणी आहेत. परंतु एक थंड पाण्यात पोहण्यासाठी, तर दुसरी उघड्या माळावर धावण्यासाठी घडली. नंदुरबार जिल्ह्यातील घरात यांपैकी कोणती सुखाने नांदेल, याचा विचार पिल्लू आणण्यापूर्वीच व्हायला हवा.

लॅब्रॅडॉरचे मूळ कॅनडातील न्यू फाउंडलंड बेटावरचे. तेथील कोळ्यांना मदत करणाऱ्या कुत्र्यांपासून पुढे ब्रिटनमध्ये ही जात विकसित झाली. थंडी आणि पाणी यांपासून रक्षण व्हावे म्हणून तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण 29 ते 36 किलो भरते. स्वभाव कमालीचा माणूसवेडा आणि शिकवलेले चटकन आत्मसात करणारा.

कारवान ही दख्खनच्या पठारावरची जात. महाराष्ट्र व कर्नाटकातील ग्रामीण भागात ती पिढ्यान् पिढ्या सांभाळली गेली. 'मुधोळ हाउंड' हे नाव याच कुळातले; मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांना राजाश्रय देऊन त्यांची कीर्ती इंग्लंडच्या राजघराण्यापर्यंत पोहोचवली. भारतीय टपाल खात्याने 2005 मध्ये देशी श्वानांवर काढलेल्या तिकिटांतही मुधोळला स्थान मिळाले. अंगावर आखूड केस, खोल छाती, बारीक कंबर, लांब पाय आणि नजरेने सावज टिपणारे डोळे ही या श्वानांची ओळख.

उन्हाळ्याची कसोटी

तापीकाठच्या मैदानी भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच ते शरीरातील उष्णता बाहेर टाकते. दाट केसांच्या लठ्ठ लॅब्रॅडॉरला भर दुपारी पत्र्याच्या शेडखाली बांधणे त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याला घरातील गारवा, सतत ताजे पाणी आणि सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतरचे फिरणे मिळायलाच हवे. कारवानला ऊन अधिक सोसते, तरी सावली आणि पाणी त्यालाही हवेच. उलट तोरणमाळ किंवा डाब परिसरातील कडाक्याच्या थंडीत अंगावर चरबी नसलेला कारवान कुडकुडतो. त्याला रात्री कोरडी, उबदार जागा लागते.

स्वभाव आणि घरची माणसे

लहान मुले, पाहुण्यांची वर्दळ आणि बेताची जागा असलेल्या घरात लॅब्रॅडॉर सहज मिसळतो. त्याचा दोष म्हणजे खादाडपणा. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भूक शमल्याची जाणीव क्षीण करणारा जनुकीय बदल आढळतो. घरातील प्रत्येकाने पोळीचा तुकडा टाकला, तर वजन वाढते आणि खुब्याचे सांधे निकामी होऊ लागतात.

कारवान घरच्यांशी एकनिष्ठ, पण परक्यांपासून अंतर राखणारा असतो. अनोळखी माणसाने एकदम हात लावलेला त्याला खपत नाही. त्याला रोज मोकळेपणी धावायला कुंपण असलेली जागा लागते. हलणारी वस्तू दिसली, की मागे धावणे हा त्याचा उपजत धर्म. त्यामुळे अंगणात कोंबड्या आणि शेळीची करडे असतील, तर त्याला पिल्लूपणापासूनच त्यांची सवय लावावी लागते. तरीही पूर्ण विसंबून राहता येत नाही. सशाची शिकार हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, याचेही भान मालकाने ठेवावे.

राखणीचा भ्रम

अनेकांना कुत्रा हवा असतो तो शेतवस्तीच्या राखणीसाठी. लॅब्रॅडॉर बहुधा चोरापुढेही शेपूट हलवील. कारवान भुंकून जाग देईल; परंतु तळोदा, शहादा भागातील उसाच्या पट्ट्यात गाठ बिबट्याशी असते. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्यांच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वाधिक, सुमारे 39 टक्के होता. रात्री ओट्याबाहेर साखळीला बांधलेला कुत्रा राखणदार ठरत नाही. तो आयते भक्ष्य ठरतो. जात कोणतीही असो, अंधार पडल्यावर त्याला बंदिस्त जागेत घ्यावे.

पिल्लू घेताना

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा त्याची चाल, दात, खूर नीट पारखतो. पिल्लू मात्र मोबाइलवरील छायाचित्रावरून ठरते. त्याची आई प्रत्यक्ष पाहावी, तिचा स्वभाव व प्रकृती तपासावी. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि विक्रेत्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. पार्व्हो, डिस्टेंपरच्या लसी वेळेवर द्याव्यात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमितपणे टोचून घ्यावी.

थोडक्यात, शहरातील घर, लहान मुले आणि वजनावर लक्ष ठेवणारे कोणी असेल, तर लॅब्रॅडॉर. कुंपणाचे शेत आणि पहाटे त्याच्यासोबत उठणारा माणूस असेल, तर कारवान. दोन्ही अटी पूर्ण होत नसतील, तर गल्लीतील एखादे गावठी पिल्लू लस टोचून सांभाळणे अधिक शहाणपणाचे. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे असते. तेवढा काळ रोज कोण वेळ देणार, हे ठरल्यावरच जातीचा प्रश्न विचारावा.