मनाची जखम आणि कागदाचा पुरावा

कविता लिहिणाऱ्या माणसाकडे गावातले लोक कविता ऐकायला क्वचित येतात. अर्ज लिहून घ्यायला मात्र हमखास येतात. अशीच एकदा मागच्या गल्लीतली एक बाई आली. नवरा फौजेत होता. अकरा वर्षांनी घरी आला तो कायमचाच. हातपाय धड, पण रात्ररात्र जागा, कुणाशी बोलणे नाही, जेवणावर वासना नाही. ती म्हणाली, "शायरभाई, पाय गेला असता तर लोकांना दिसला तरी असता."

तिच्या हातात इंग्रजी कागद होता. त्याचा अर्थ एवढाच : हा आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, सबब अपंगत्व पेन्शन नामंजूर. या एका वाक्यापाशी अनेक घरे थांबतात. पण ते शेवटचे वाक्य नसते. त्यावर दाद कशी मागता येते, ते आज पाहू.

आजारपणामुळे फौजेतून बाहेर पडणाऱ्या जवानाची तपासणी मेडिकल बोर्ड करते. बोर्डापुढे मुख्य प्रश्न दोन. अपंगत्व किती टक्के? आणि त्याचा सेवेशी संबंध आहे का? आजार सेवेमुळे झालेला असो किंवा आधीचा असून सेवेमुळे बळावलेला असो, दोन्ही चालते. दोन्हींना नकार आला की टक्केवारी कितीही असली तरी अपंगत्वाची रक्कम मिळत नाही. सुरुंगात पाय गेला तर त्याला तारीख असते, ठिकाण असते, साक्षीदार असतात. नैराश्य भिंतीतल्या ओलीसारखे चढते. नेमके कधी सुरू झाले, कोण सांगणार?

म्हणून डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका असते. २००८ साली दुरुस्त झालेल्या मार्गदर्शिकेत मनाच्या आजारांबद्दल स्वतंत्र सूचना आहेत. लढाईचा किंवा दहशतवादविरोधी मोहिमेचा भाग, अति उंचावरचे ठाणे, अगदी एकाकी चौकी अशा ठिकाणी आजार सुरू झाला, तर तो सेवेमुळे झाला असे मानावे. पुढे रजेचा उल्लेख आहे. कामाच्या निकडीमुळे रजा नाकारली आणि त्यानंतर तीन महिन्यांत आजार सुरू झाला, तर तो सेवेमुळे बळावला असे धरता येते. पण कोणती रजा? बायको किंवा मूल दगावले, एकुलत्या एका मुलाचे आई किंवा वडील गेले, एकट्या भावाच्या बहिणीचे लग्न निघाले, अशा वेळची. सरकारी पुस्तकात बहिणीचे लग्न भेटेल असे मला वाटले नव्हते.

२१ सप्टेंबर २०२३ पासून पेन्शनचे नवे नियम आले आहेत. तेव्हापासून निवृत्त होणाऱ्यांचा विचार त्यांनुसार होतो. आधीच्यांना जुनेच नियम लागू आहेत.

न्यायालये काय म्हणतात? २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. हा जवान १९८५ मध्ये भरती झाला आणि १९९४ मध्ये अपस्माराच्या आजारामुळे घरी पाठवला गेला. न्यायालय म्हणाले, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा शरीराने आणि मनाने निरोगी होता असे धरावे. आजाराचा सेवेशी संबंध नाही असे म्हणायचे तर बोर्डाने कारणे द्यावीत. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही आणि संशयाचा फायदा त्यालाच मिळावा. आजार सीमेवर सुरू झाला की शांत छावणीत, यानेही फरक पडत नाही.

पण याचा अर्थ प्रत्येक अपील मंजूर होते असा नाही. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने पेन्शन नाकारले. असे आजार भरतीच्या तपासणीत दिसत नाहीत, म्हणून केवळ नोंद नव्हती एवढे पुरत नाही, असे ते म्हणाले. मे २०२५ मध्ये त्याच आजाराच्या दुसऱ्या जवानाला पेन्शन मिळाले, कारण बोर्डाने आपल्या मताची कारणेच दिली नव्हती. म्हणजे सारे कारणे आणि कागद यांवर येऊन ठरते.

तेव्हा पहिले काम : बोर्डाच्या अहवालाची पूर्ण प्रत मिळवा. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. आजार सुरू झाल्याची तारीख आणि ठिकाण, नकाराची कारणे आणि कमांडिंग ऑफिसरचा अहवाल पाहा. नकार कळल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करता येते. तेही फेटाळले तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने झालेले हे न्यायाधिकरण २००९ पासून काम करते. महाराष्ट्र व गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. पहिल्या अर्जाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते.

उशीर झाला असेल तरी दार बंद होत नाही. २००८ च्या एका निकालात, १९८३ मध्ये घरी पाठवलेल्या आणि सोळा वर्षांनी न्यायालयात आलेल्या जवानाचा हक्क मान्य झाला. थकबाकी मात्र दावा करण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळाली. उशिराची किंमत ही अशी मोजावी लागते.

अडचण अशी, की हे सारे करण्याची उमेद ज्या दुखण्याने हिरावली, त्याच दुखण्यासाठी हे करायचे असते. म्हणून ते घरच्यांनी उचलावे लागते. लाजेपोटी रुग्णालयाची कागदपत्रे जाळू नका. आणि अपील चालू असताना उपचार थांबवू नका. बोलावेसे वाटले तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.

त्या बाईने घरी जाऊन ट्रंक उपसली. तळाशी नवऱ्याचे एक पत्र निघाले. आई गेली, रजा मिळाली नाही, असे त्यात लिहिले होते. वर तारीख होती. तो एकुलता एक मुलगा. त्या तारखेनंतर दोन महिन्यांनी रुग्णालयातली पहिली नोंद होती. अपील मी लिहिले. सही त्याने केली, थांबत थांबत. निकाल यायचा आहे. पण परवा तो दारात येऊन म्हणाला, "ते पत्र परत मिळेल ना?" मी म्हणालो, "प्रत लावली आहे. मूळ पत्र तुमच्याच घरी आहे."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)