ऊन आणि सुगंधी तेले

दिग्रस परिसरात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते आणि बायकांचा दिवस उन्हात जातो. उन्हापासून बचाव म्हणून पेपरमिंटचे किंवा लिंबाचे सुगंधी तेल खोबरेलात मिसळून लावण्याचा सल्ला अलीकडे दिला जातो. त्याला आधार किती? रायपूरच्या २०१० सालच्या अभ्यासात पेपरमिंट तेलाचा ‘एसपीएफ’ सुमारे ७ भरला. पण ते मोजमाप अल्कोहोलमधील द्रावणाचे होते, त्वचेवरचे नव्हे.

धोका मात्र खरा आहे. लिंबाची साल दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकुमरिन द्रव्ये असतात. उन्हातील अतिनील किरणांनी ती चेतवली जातात आणि पेशींतील डीएनएला चिकटतात. एकदोन दिवसांत त्वचेवर फोड उठतात. काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. वाफेने काढलेल्या तेलात ही जड द्रव्ये फारशी उतरत नाहीत.

काही उटण्यांत पडणारी बावची याच जातीची. तिच्यातील सोरालेन कोडाच्या उपचारात वापरतात, ते उन्हाच्या जोडीनेच काम करते म्हणून. तेव्हा ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. वेचणीला जाताना लुगड्यावर चढवलेला पूर्ण बाह्यांचा सदरा या तेलांपेक्षा कितीतरी भरवशाचा.