नाथमाधवांच्या कादंबऱ्या सर्वांसाठी खुल्या झाल्या, पण मोबाइलवर का सापडत नाहीत?

'छावा' सिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ ला आला आणि शिवाजी सावंत यांच्या १९७९ मधल्या कादंबरीचं नाव पुन्हा घरोघरी पोहोचलं. ज्यांनी ती वाचली नव्हती त्यांनी शोधायला सुरुवात केली. आणि हल्ली कुठल्याही गाजलेल्या पुस्तकाचं नाव निघालं की ग्रुपवर येणारा प्रश्न ठरलेला असतो : पीडीएफ आहे का?

'छावा'च्या बाबतीत उत्तर सोपं आहे. पुस्तक विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा. फुकट फिरणारी पीडीएफ कायद्यात बसत नाही.

पण मुंबईतच जन्मलेल्या एका ऐतिहासिक कादंबरीकाराच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. त्यांची पुस्तकं कुणीही छापावीत, स्कॅन करावीत, मोबाइलवर पाठवावीत, कायद्याची काहीच आडकाठी नाही. तरीही ती सहज हाती लागत नाहीत. हे लेखक म्हणजे नाथमाधव. २०२८ मध्ये त्यांच्या निधनाला १०० वर्षं पूर्ण होतील.

कोण होते नाथमाधव?

पूर्ण नाव द्वारकानाथ माधव पितळे. जन्म ३ एप्रिल १८८२, मुंबई. कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात ते नोकरीला होते. ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीसाठी गेले असताना ते कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर लुळं पडलं.

या अपघातानंतर त्यांच्या आयुष्यात पुस्तकं आली. आधी वाचन आणि मग लेखन. 'सावळ्या तांडेल', 'वीरधवल', 'सोनेरी टोळी', 'डॉक्टर' अशा कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्यांची खरी ओळख ठरली ती शिवकाळावरची 'स्वराज्य' मालिका. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट' असे तिचे भाग आहेत. २१ जून १९२८ ला, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. लालबागच्या गणेश गल्लीतल्या मंडळाची स्थापनाही त्याच वर्षीची.

ज्या माणसाला पुन्हा स्वतःच्या पायांनी गड चढता येणार नव्हता, त्याने हजारो वाचकांना सह्याद्रीच्या गडांवर नेलं. नाथमाधवांबद्दल वाचकांना वाटणाऱ्या जिव्हाळ्यात या गोष्टीचाही वाटा आहे.

वाचकांना त्यांच्यात काय सापडलं?

ऐतिहासिक कादंबरी नाथमाधवांनी सुरू केली नाही. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते ती रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड'. ती १८७१ ची, आणि ज्या 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून ती आली ते मुंबईचंच. पुढे हरि नारायण आपटे यांनी 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' लिहून या प्रकाराला प्रतिष्ठा दिली.

नाथमाधवांनी त्यात वेग आणला. हेर, वेषांतर, पाठलाग, गुपितं, ऐनवेळी होणारी सुटका. इतिहासातल्या मोठ्या माणसांच्या बाजूला काल्पनिक साधी माणसं. आणि एक भाग संपला की पुढचा हवाच, अशी मालिका. आजच्या वेब सीरिजच्या प्रेक्षकाला हे तंत्र वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मुंबईत अशा पुस्तकांना तयार वाचक होता. मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना १८९८ ची. गिरगावात मध्यमवर्गीय वाचक होता. परळ-लालबागच्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार होता. सगळ्यांनाच अक्षरओळख नव्हती. गावाकडचं पत्र असो की वर्तमानपत्र, एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही तेव्हाची रीत. अशा वाचनासाठी छोट्या वाक्यांची, घटनांनी भरलेली गोष्ट लागते. नाथमाधवांची गोष्ट तशी होती.

पुढच्या पिढ्यांना रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) मिळाली, ना. सं. इनामदार यांची 'राऊ' (१९७२) मिळाली, विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) मिळाली. नाथमाधव हळूहळू कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेले.

कॉपीराइटचं गणित काय?

भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा कॉपीराइट त्याच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. मोजणी निधनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. आधी ही मुदत ५० वर्षं होती, ती १९९२ च्या दुरुस्तीत वाढली. ज्यांची मुदत आधीच संपली होती त्यांना वाढीव १० वर्षं मिळाली नाहीत.

आता हिशोब करू.

• नाथमाधव : निधन १९२८. तेव्हाच्या ५० वर्षांच्या नियमाने मुदत ३१ डिसेंबर १९७८ ला संपली.
• रणजित देसाई : निधन १९९२. मुदत ३१ डिसेंबर २०५२ पर्यंत.
• शिवाजी सावंत : निधन २००२. मुदत ३१ डिसेंबर २०६२ पर्यंत.

म्हणजे 'स्वामी' किंवा 'छावा'ची पीडीएफ परवानगीशिवाय पुढे पाठवणं आजही चूक आहे, आणि नाथमाधवांच्या जुन्या आवृत्तीतलं प्रत्येक पान १९७९ पासून सगळ्यांचं आहे. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. अलीकडे कुणी नवी आवृत्ती काढली असेल तर तिची प्रस्तावना, चित्रं, मुखपृष्ठ किंवा संक्षिप्त रूपांतर यांवर वेगळा हक्क असू शकतो. स्कॅन करायची ती जुनी प्रत.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण कागदाची. त्या काळातला स्वस्त कागद आम्लधर्मी असतो. तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो, पान उलटताना कडा तुटतात. मुंबईची दमट हवा आणि वाळवी उरलेलं काम करतात. वाचकप्रिय पुस्तकाचं तर आणखी अवघड, कारण ते शेकडो हातांतून गेलेलं असतं. ज्या पुस्तकावर लोकांनी सर्वात जास्त प्रेम केलं, त्याचीच प्रत सर्वात आधी झिजते.

दुसरी अडचण तंत्राची. पुस्तकाचं स्कॅन म्हणजे नुसते पानांचे फोटो. मोबाइलच्या स्क्रीनवर ते वाचायचे तर प्रत्येक ओळीला झूम करून डावीकडे-उजवीकडे सरकवावं लागतं. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठं करता येत नाही. दृष्टिहीन वाचकाच्या फोनला तर ते पान कोरंच दिसतं.

हेच पुस्तक मजकुराच्या रूपात आलं तर काय होईल? एका पानावर साधारण १,५०० अक्षरचिन्हं धरली तर ३०० पानांची साडेचार लाख होतात. देवनागरीतलं एक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. म्हणजे अख्खी कादंबरी १३ ते १४ लाख बाइटांत बसते. तुमच्या फोनमधला एखादा फोटोही याहून मोठा असतो. शिवाय तो मजकूर फोन मोठ्याने वाचूनही दाखवू शकतो. चाळीतल्या त्या मोठ्याने वाचण्याचीच ही आजची सोय.

फोटोतून मजकूर काढणारं तंत्र, म्हणजे ओसीआर, आता मराठीतही चालतं. पण जुन्या छपाईत खिळे झिजलेले असतात, वेलांट्या तुटलेल्या असतात, जोडाक्षरांची वळणं वेगळी असतात. त्यामुळे यंत्र चुकतं, आणि मराठी वाचणाऱ्या माणसालाच मूळ पान समोर ठेवून ते सुधारावं लागतं.

हे वाचताना काय लक्षात ठेवायचं?

कादंबरी हा इतिहासाचा पुरावा नसतो. नाथमाधव लिहीत होते त्यानंतर शिवकाळाची आणखी साधनं समोर आली, जुन्या समजुती तपासल्या गेल्या. संभाजी महाराजांचंच उदाहरण घ्या. त्यांची जुन्या नाटक-कादंबऱ्यांनी रंगवलेली प्रतिमा वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० मधल्या संशोधनपर चरित्राने आणि त्यानंतर कमल गोखले यांच्या अभ्यासाने बदलली. 'छावा' त्यानंतरची आहे. प्रत्येक ऐतिहासिक कादंबरी तिच्या काळापर्यंत हाती आलेल्या माहितीवर उभी असते. म्हणून एखादा प्रसंग स्टेटसला टाकण्याआधी तो इतिहासात आहे की फक्त कादंबरीत, एवढं बघावं.

वाचक काय करू शकतात?

१. घर तपासा. गिरगाव, दादर, परळमधल्या अनेक जुन्या चाळी पुनर्विकासात जात आहेत. सामान हलवताना माळ्यावरची पुस्तकं सर्वात आधी रद्दीत निघतात. नाथमाधवांची जुनी प्रत सापडली तर मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी टाकू नका. आतल्या पानावर आवृत्तीचं साल बघा आणि जवळच्या ग्रंथालयाला विचारा.

२. वाचनालयात मागणी नोंदवा. दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. कपाटातलं पुस्तक कुणी मागितलंच नाही, तर त्याची बांधणी दुरुस्त करायला किंवा ते स्कॅन करायला कारण उरत नाही.

३. मुद्रितशोधन करा. मराठी विकिस्रोतावर कॉपीराइट संपलेली पुस्तकं चढवता येतात. एका बाजूला पानाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला मजकूर असतो. एक जण चुका सुधारतो, दुसरा पुन्हा तपासतो. फावल्या वेळात एक पान झालं तरी चालतं. दिवसाला एक पान धरलं तर ३०० पानांची कादंबरी एका माणसाकडून वर्षाच्या आत होते. ग्रुपमधले दहा जण मिळाले तर महिन्यात.

४. हक्क शाबूत असलेल्या लेखकांची पुस्तकं विकत घ्या. पीडीएफची मागणी आली तर लेखकाच्या निधनाचं साल बघा, ६० मिळवा आणि मग उत्तर द्या.

नाथमाधवांची शताब्दी २१ जून २०२८ ला आहे. त्या दिवशी त्यांच्यावर पोस्ट येतील, फोटोला हार घातले जातील. एखाद्या विशीतल्या मुलीने ते वाचून फोनवर 'स्वराज्याचा श्रीगणेशा' शोधलं, तर तिला पहिलं प्रकरण लगेच वाचता यावं. कायद्याने ती वाट १९७९ मध्येच मोकळी केली आहे. राहिलंय ते पानं तपासण्याचं काम.