मॉबमधला माणूस

गणपत पाटील म्हटलं की मराठी प्रेक्षकाला तमाशापटातला नाच्या आठवतो. कोल्हापूरच्या गरीब घरातला हा माणूस पडद्यावर पहिल्यांदा आला तो मात्र ‘बाल ध्रुव’मधल्या मॉबमध्ये, ओळखूही न येणाऱ्या चेहऱ्यांत. नट राजा गोसावींचीही सुरुवात दिग्दर्शक मास्टर विनायकांकडे पडेल ते काम करत झाली. हे दोघे गर्दीतून पुढे आले, म्हणून त्यांची चरित्रं आपल्याला ठाऊक आहेत. जे आयुष्यभर गर्दीतच राहिले, त्यांचं नाव श्रेयनामावलीत नाही आणि बहुतेकदा हजेरीच्या कागदावरही नाही. कोल्हापूरच्या चित्रपटाचा इतिहास लिहिताना ही जागा कोरी राहते.

बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गर्दीतल्या माणसाचा प्रश्न असा नव्हता. गायिका तानीबाई कागलकरांनी या कंपनीला भांडवल दिलं आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. घरंदाज म्हणवणाऱ्या बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई आल्या, पडद्यासाठी त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली. समाजाने त्यांना जे ऐकवलं त्याची किंमत कुणी मोजली नाही. कंपनीतली माणसं पडदे रंगवत, सेट उभारत आणि वेळ आली की तोंडाला रंगही लावत. व्ही. शांताराम त्यांतलेच. ‘सुरेखाहरण’मध्ये (१९२१) ते कृष्ण झाले आणि ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा तरुण शेतकरी. १९२९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. पुढे जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांचे ऐतिहासिक चित्रपट उभे राहिले. गांधीहत्येनंतरच्या दंगलीत १९४८ मध्ये हा स्टुडिओ जाळला गेला, भालजींनी तो पुन्हा उभा केला. मावळे, बारगीर, बाजारातली माणसं नसती तर या चित्रपटांत स्वराज्य दिसलंच नसतं.

स्टुडिओंचा काळ ओसरला तसा महिन्याचा पगारही गेला आणि रोजावरचं काम उरलं. आता कोल्हापुरात काम येतं ते जास्त करून मालिकांचं. ‘तुझ्यात जीव रंगला’ (२०१६) कोल्हापूरजवळच्या वसगड्यात चित्रित झाली. अशा मालिकेला पारावर बसणारी, तालमीत घुमणारी, लग्नाच्या पंगतीत जेवणारी माणसं लागतात. नव्या माणसाला मालिकेत शिरायची वाट बहुधा माणसं पुरवणाऱ्या कोऑर्डिनेटरच्या फोनमधून सापडते. फोटो पाठवायचे, ग्रुपवर निरोप आला की सांगितलेल्या वेळी पोचायचं, मुख्य नटांच्या मागून ‘पासिंग’ द्यायचं, म्हणजे चालत जायचं. प्रसंग दुसऱ्या दिवशीही चालणार असेल तर तेच कपडे, तीच टिकली, तेच पागोटं घालून यायचं, नाहीतर कंटिन्युइटी तुटते. हे कौशल्याचंच काम आहे. दहा टेकमध्ये एकाच ठिकाणी, एकाच क्षणी वळून पाहणं येरागबाळ्याला जमत नाही. पैसे मात्र कोऑर्डिनेटरच्या हातून येतात. निर्मात्याने किती दिले आणि वाटेत किती उरले, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

कायदा नव्हता असं नाही. १९८१ च्या सिने कामगार कायद्याने कलाकाराशी लेखी करार करणं निर्मात्यावर बंधनकारक केलं. किमान ३ चित्रपटांत काम केलेल्याला भविष्यनिर्वाह निधीची वाट उघडली. पण तो कायदा पूर्ण लांबीच्या कथाचित्रपटांपुरता होता, म्हणजे कोल्हापूरचं पोट ज्यावर भरतं ती मालिका त्याच्या बाहेर राहिली. २०२० च्या श्रमसंहितेने दृक्‌श्राव्य कामगार अशी व्यापक व्याख्या केली आणि मालिकांतला माणूस तीत आला. पण करारावर स्वतःची सही नसेल, तर ही व्याख्या त्याच्या काय कामाची?

मुंबईत याचं उत्तर संघटनेने दिलं. तिथे ज्युनिअर आर्टिस्टांची, म्हणजे मॉबमधल्या नटांची संघटना आहे, स्त्रियांचा महिला कलाकार संघ वेगळा आहे, आणि १९५६ पासून पश्चिम भारतातल्या सिनेकामगारांचा महासंघ आहे. सभासदत्वाचं कार्ड हातात असलं की पैसे थकल्यावर तक्रार कुठे करायची ते ठरलेलं असतं. या संघटनांच्या चुकाही लपवायला नकोत. फक्त सभासदांनाच काम द्या, असा आग्रह धरल्याबद्दल २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने महासंघाविरुद्ध आदेश दिला. दार बंद करणारी संघटना नवोदिताला कोऑर्डिनेटरइतकीच जड जाते. अमेरिकेत नटांची संघटना १९३३ मध्ये झाली, तरी एक्स्ट्रांना पुढे स्वतःची वेगळी संघटना काढावी लागली. २०२३ च्या तिथल्या संपात तर मॉबमधल्या माणसाचा चेहरा एकदा स्कॅन करून संमतीविना पुन्हा पुन्हा वापरायचा का, हाही मुद्दा होता. तो दिवस वसगड्यापासून फार लांब नाही.

कोल्हापुरात अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय आहे, ही या गावाची मोठी ठेव. पण महामंडळात निर्माते, दिग्दर्शक, कलाकार, तंत्रज्ञ असे सगळे एकाच छपराखाली बसतात. पैसे देणारा आणि घेणारा एकाच सभेत असेल, तर रोजावरच्या माणसाचा आवाज दबणारच, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला महामंडळात जागा हवी आणि कामगार संघटना म्हणून रीतसर नोंदलेली स्वतःची संघटनाही हवी.

२०२२ मध्ये जयप्रभा स्टुडिओ वाचवण्यासाठी याच गावातले कलाकार रस्त्यावर बसले होते. वास्तूसाठी जमलेली ही माणसं रोजासाठीही जमू शकतात. तोवर मॉबमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. तारीख, ठिकाण, कामाचं नाव, किती तास काम केलं आणि किती पैसे मिळाले, हे वहीत लिहून ठेवा. निर्मितीसंस्थेचं नाव विचारा. सही करण्याआधी कागद वाचा. आणि महामंडळाने अशा वह्यांवरून कोल्हापूरच्या मॉब कलाकारांची नोंदवही तयार करायला घ्यावी.