नोव्हेलची वायर

नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये कुणी ‘ऑफिसात लॅन टाकायचंय’ म्हणालं, की आम्हा इंजिनिअरांच्या तोंडी पहिलं नाव नोव्हेलचं यायचं. सातपूर-अंबडचे कारखाने असोत, सीएंची ऑफिसं असोत की पंचवटीतल्या पतसंस्था, कपाटाच्या कोपऱ्यात एक सर्व्हर आणि त्यावर नेटवेअर, नोव्हेलचं नेटवर्क सॉफ्टवेअर. ही कंपनी आज नाही. तरुण मुलांना तर नावही ठाऊक नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नेटवेअर येण्याआधी पतसंस्थेत काय चालायचं? बचत एका कॉम्प्युटरवर, कर्ज दुसऱ्यावर. संध्याकाळी पिग्मी एजंटांचा भरणा झाला, की फ्लॉपी या टेबलावरून त्या टेबलावर. नेटवेअरमुळे खात्यांची फाइल एकदाच, सर्व्हरवर राहिली. सगळ्या काउंटरवर ती एफ ड्राइव्हमध्ये दिसायची. एका कारकुनाने खातं उघडून रक्कम टाकायला घेतली, की ते तेवढं खातं त्याच्यासाठी राखलं जायचं; दुसऱ्याने थांबायचं. एकाच शिलकीतून दोन काउंटरवर पैसे निघण्याची भीती संपली.

हे कॉम्प्युटर जोडणारी वायर काळी, कोअ‍ॅक्सियल. प्रत्येक कॉम्प्युटरपाशी टी-कनेक्टर आणि वायरीच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. झाडू मारताना एखादा निघाला, की अख्खं ऑफिस बंद. मी मल्टिमीटर लावायचो. २५ ओहम दाखवले तर वायर ठीक, कारण दोन्ही टर्मिनेटर समांतर मोजले जातात. ५० दाखवले, की कुठेतरी तुटलंय. मग टेबलाखाली सरपटत एकेक जोड तपासायचा.

मार्चअखेरीला एका पतसंस्थेत कर्जखात्याची फाइल चुकून डिलीट झाली. मॅनेजर घामाघूम. नेटवेअर पुसलेली फाइल लगेच फेकत नाही, जागा लागेपर्यंत जपून ठेवतं. मी त्यातलं सॅल्व्हेज हे साधन चालवलं, यादीतून फाइल निवडली, एंटर दाबलं. फाइल परत आली. एवढी काळजी घेणारं सॉफ्टवेअर मी तोवर पाहिलं नव्हतं.

कंपनी निघाली १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या युटाह राज्यात, नोव्हेल डेटा सिस्टिम्स या नावाने. कॉम्प्युटर आणि प्रिंटर बनवायची, आणि त्यात बुडायलाच आली. १९८३ मध्ये रे नूर्डा सूत्रधार झाले. ड्रू मेजर आणि त्यांच्या सुपरसेट गटाने लिहिलेल्या नेटवर्क सॉफ्टवेअरवर, म्हणजे नेटवेअरवर, नूर्डांनी सगळी भिस्त ठेवली, आणि यंत्र कुणाचंही असो, त्यावर ते चाललं पाहिजे असं ठरवलं. एनई-२००० हे नोव्हेलचं नेटवर्क कार्ड. त्याच्या तैवानी नकला स्वस्तात मिळायला लागल्या, तरी नोव्हेलचं नुकसान नव्हतं. जितकी कार्डं, तितके नेटवेअरचे गिऱ्हाईक. आपल्याकडे हरीश मेहतांच्या ऑनवर्ड कंपनीने नोव्हेलशी भागीदारी केली, आणि सीएनई हे नोव्हेलचं इंजिनिअरचं सर्टिफिकेट म्हणजे नोकरीची हमी झाली.

मग कंपनी बुडाली कशी? मायक्रोसॉफ्टने मारलं, असं सर्रास म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च, १९९३ मध्ये एटी अँड टीचा युनिक्सचा कारभार, १९९४ मध्ये वर्डपरफेक्ट, अशी नोव्हेलने खरेदी केली. वर्डपरफेक्ट १९९६ मध्ये कोरेलला विकलं, तेही घेतल्या किमतीच्या लहानशा हिश्शात. हातातला धंदा सोडून ती मायक्रोसॉफ्टच्या मैदानात खेळायला गेली.

दुसरं कारण आयपीएक्स, नोव्हेलची स्वतःची नेटवर्क-पद्धत. तिच्यात पत्ते हाताने भरावे लागत नसत, म्हणून ती आम्हाला प्रिय. पण इंटरनेट टीसीपी-आयपीवर चालतं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट खुलं केलं, आणि पुढे नाशिकचे गिऱ्हाईकही ‘यावर इंटरनेट चालेल का?’ विचारू लागले. आयपी मुळातून असलेलं नेटवेअर ५ आलं १९९८ मध्ये. तोवर मायक्रोसॉफ्टचं विंडोज एनटी टेबलावर बसलं होतं. अकाउंट्सचं सॉफ्टवेअर लिहिणारेही तिकडेच वळले होते.

१९९७ ते २००१ प्रमुख असलेले एरिक श्मिट नोव्हेलमधूनच गुगलला गेले. पुढे नोव्हेलने सुसे लिनक्स घेतलं, पण गेलेले गिऱ्हाईक परतले नाहीत. २०११ मध्ये अटॅचमेटने २२० कोटी डॉलरला कंपनी घेतली. ८८२ पेटंटं मायक्रोसॉफ्टच्या पुढाकारातल्या गटाला ४५ कोटी डॉलरना गेली. २०१४ मध्ये मायक्रो फोकस, २०२३ मध्ये ओपनटेक्स्ट, असे मालक बदलत गेले. नेटवेअरचा वारसा ओपन एंटरप्राइझ सर्व्हर या नावाने लिनक्सवर चालतो, आणि पुसलेली फाइल परत आणायची सोय त्यात अजून आहे.