स्वस्त हत्यारें आणि आजीव हमी

पेण तालुक्यांत जिते आणि त्याच्या आसपासच्या गांवांतून भात हें मुख्य पीक असून, त्याचें काम अद्यापि बऱ्याच अंशीं हातानेंच चालतें. नांगरटीस पॉवर टिलर आला, मळणीस यंत्र आलें, तरी बांध घालण्यास फावडें, खणण्यास कुदळ व पहार, फांद्या तोडण्यास कोयता आणि कापणीस विळा हीं लागतातच. तीं घेण्यास शेतकरी बाजारांत गेला म्हणजे त्याच्यापुढें दोन प्रकारचा माल येतो. एक लोहारानें घडविलेला. त्यावर नांव नाहीं, चिठ्ठी नाहीं. दुसरा रंग दिलेला, चकचकीत, आणि त्याच्या चिठ्ठीवर 'लाइफटाइम वॉरंटी', म्हणजे आजीव हमी, अशीं अक्षरें. या दुसऱ्याची किंमत कित्येकदां पहिल्यापेक्षांही कमी असते. स्वस्तही आणि जन्माची हमीही, मग आणखी काय पाहिजे, असें साहजिकच वाटतें. या वाटण्याची हिशेबानें तपासणी करावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या माणसास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आकार निराळा आणि वसूल निराळा. वहींत आकारणी कितीही मोठी दिसली, तरी तिजोरींत जमा होतें तें वसुलाचें. हमीचेंही तसेंच आहे. चिठ्ठीवर लिहिलेली हमी हा आकार. हत्यार मोडल्यावर प्रत्यक्ष पदरांत पडतें तो वसूल. शेतकऱ्यानें किंमत द्यावयाची ती वसुलाची, आकाराची नव्हे.

हमीच्या पोटांतील अटी

चिठ्ठीची मागील बाजू बारीक अक्षरांत असते. ती आधीं वाचावी. बहुतेक हमी केवळ घडणींतील दोषापुरती असते. धार जाणें, झीज होणें, गंज चढणें, दांडा मोडणें आणि 'गैरवापर' हीं कारणें सामान्यतः वगळलेलीं असतात. आतां शेतांतील हत्यार निकामी होतें तें मुख्यतः याच कारणांनीं. खाडीलगतच्या खाऱ्या हवेंत लोखंड लौकर गंजतें, चिखलांत वापरलेला दांडा कुजतो, आणि दगडावर पडलेला घाव हा गैरवापर कीं नित्याचें काम, हें ठरविणारा विकणाराच असतो.

'आजीव' हा शब्दही तपासून घ्यावा. जीव कोणाचा? विकत घेणाऱ्याचा, हत्याराचा, कीं तो नमुना कारखान्यांत निघत असेल तोंपर्यंतचा? तिन्ही अर्थ व्यवहारांत चालतात. पुष्कळ ठिकाणीं हमी पहिल्या खरेदीदारापुरतीच असते. बापानें घेतलेल्या पहारीवर मुलाचा हक्क राहत नाहीं. शिवाय मोडकें हत्यार कंपनीकडे पोंचविण्याचा खर्च कोणीं सोसावा, हेंही पाहावें. जड पहार दूरच्या शहरीं पाठविण्याचें भाडें तिच्या किंमतीशीं स्पर्धा करूं लागलें, तर ती हमी नसल्यासारखीच.

हमी देणाराही टिकला पाहिजे. अमेरिकेंत सिअर्स या पेढीनें १९२७ सालीं 'क्राफ्ट्समन' या नांवाचीं हत्यारें काढलीं. हातहत्यार मोडल्यास पावतीसुद्धां न मागतां बदलून देण्याबद्दल तिची मोठी ख्याति होती, आणि तो शब्द ती पाळूं शकली, कारण तिचीं दुकानें गांवोगांवीं होतीं. पुढें २०१७ सालीं हें नांव दुसऱ्या कंपनीस विकलें गेलें आणि ऑक्टोबर २०१८ मध्यें सिअर्सनें दिवाळें काढलें. नव्या मालकानें हमी पुढें चालविली म्हणून गिऱ्हाइकांचें निभावलें. एवढ्या प्रचंड पेढीची ही कथा, तर ज्याचा पत्ताही चिठ्ठीवर धड छापलेला नाहीं त्याच्या आजीव वचनाचें मोल काय धरावें, हें वाचकांनींच ठरवावें.

आपली जुनी हमी

आपल्याकडे आजीव हमीची चाल नवी नाहीं. बारा बलुत्यांतील लोहार हा कुणब्याचीं औतें व हत्यारें वर्षभर शेवटून, पाणी देऊन, दुरुस्त करून देई आणि खळ्यावर आपलें धान्य घेई. कोंकणांत ही पद्धत देशावरच्याइतकी बळकट नव्हती, तरी तिचें तत्त्व ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत बलुत्याचें वर्णन आहे, आणि त्या पद्धतीचे दोषही त्यांनीं झांकलेले नाहींत. जातीशीं बांधलेला तो व्यवहार परत यावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्या हमीचा एक गुण निर्विवाद होता: हमी देणारा हांकेच्या अंतरावर होता, आणि दुरुस्ती त्याच दिवशीं होत असे.

दिवसाचा हिशेब

खरा मुद्दा येथेंच आहे. हमीनें लोखंड परत मिळतें. बुडालेला दिवस परत मिळत नाहीं. समजा, एक फावडें ३०० रुपयांचें आजीव हमीचें आणि दुसरें ६०० रुपयांचें, हमी नसलेलें पण घडणीचें. पहिलें ऐन बांधबंदिस्तींत मोडलें. दुकानदारानें बिनतक्रार बदलून दिलें असें धरलें, तरी एका मजुराचा अर्धा दिवस रुपये २५० आणि जाण्यायेण्याचें भाडें रुपये ५० मिळून ३०० रुपये गेले. पहिल्याच मोडीला सर्व बचत संपली. दुसऱ्यांदा मोडलें कीं स्वस्त फावडें महाग पडलें, आणि हें हमी पूर्णपणें पाळली गेली असतां!

कापणीच्या दिवसांत तर हा हिशेब रुपयांत मावत नाहीं. भात पिकून उभें आहे, परतीच्या पावसाचे ढग आहेत, मजूर मोठ्या मिनतवारीनें मिळाले आहेत. अशा वेळीं विळे चालेनासे झाले, तर दाणा शेतांतच झडतो. ती भरपाई कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

माल कसा पारखावा

मऊ लोखंडांत कार्बनचें प्रमाण फार थोडें असतें, म्हणून त्यास कितीही पाणी दिलें तरी तें कठीण होत नाहीं व त्याची धार टिकत नाहीं. धारेच्या हत्यारास पोलादच पाहिजे. मोटारीच्या कमानपट्ट्यापासून लोहार कोयते घडवितात तें याच कारणानें. खरेदीच्या वेळीं पुढील गोष्टी पाहाव्या:

१. धारेवर बारीक कानस हलकेंच फिरवावी. ती लोण्यांत शिरावी तशी शिरली तर धातु मऊ. मुळींच न लागतां कांचेवरून सरकावी तशी सरकली तर धातु अति कठीण, म्हणजे ठिसूळ. थोडा विरोध करून लागली तर माल योग्य.

२. हत्यार दोरीस टांगून ठोकावें. स्वच्छ नाद यावा. बद्द आवाज आल्यास चीर असण्याचा संभव असतो.

३. दांडा बसविण्याचें नेढें अखंड घडविलेलें आहे कीं पत्रा वळवून वेल्डिंगनें जोडलेलें, हें पाहावें. जाड रंगाखालीं असा जोड सहज लपतो. कुदळ व कुऱ्हाड प्रथम येथेंच दगा देतात.

४. कोयत्याचें पातें लांकडावर टेकून किंचित् वांकवावें; सोडल्यावर तें सरळ झालें पाहिजे.

५. आय. एस. आय. चिन्ह असल्यास त्याजवळ मानकाचा क्रमांक व परवाना क्रमांक दोन्ही आहेत कीं नाहींत तें पाहावें. परवाना खरा कीं खोटा हें भारतीय मानक ब्युरोच्या मोबाईलवरील सोयीनें पडताळतां येतें.

चांगलें हत्यारही निगेवांचून टिकत नाहीं. काम संपल्यावर चिखल धुवून तें कोरडें करावें आणि तेलाचा हात द्यावा. विजेच्या चाकावर धार लावतांना कड निळी पडली, तर पाणी उतरलें असें समजावें. म्हणून हलक्या हातानें व मधून मधून पाण्यांत बुडवून धार लावावी. दांडा सैल झाला असतां हत्यार पाण्यांत भिजत ठेवण्याची चाल आहे. त्यानें लांकूड तात्पुरतें फुगतें आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षां अधिक सैल होतें. निसटलेली कुऱ्हाड शेजारच्या माणसाच्या अंगावर जाते. यास्तव नवी पाचर ठोकावी किंवा चिवट लांकडाचा नवा दांडा घालावा.

स्वस्त कोठें चालेल

सर्वच वस्तु भारी घ्याव्या असें नव्हे. घमेलें, वर्षांतून दोनदां लागणारी खुरपणी, अथवा शेतांत हमखास हरवणारीं लहान हत्यारें स्वस्त घेतल्यास बिघडत नाहीं. परंतु ज्यावर घाव बसतो, ज्यास धार लागते आणि ज्याच्यावांचून मजूर बसून राहतो, तें चांगलेंच घ्यावें. कापणीपुरतें बोलावयाचें तर दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें शिफारस केलेला दांतेरी 'वैभव' विळा पाहण्यासारखा आहे. त्यानें भात जमिनीलगत कापतां येतें, आणि धसकटांत राहणाऱ्या खोडकिड्यासही त्यामुळें आळा बसतो. असा उपयोग कोणत्याही हमीपेक्षां मोलाचा आहे.

पावती हीच खरी सनद

हमीचें हत्यार घेतलेंच, तर पावतीवांचून घेऊं नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें पावती न देणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल पावतींत लिहिलेल्या मुदतींत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणें हेंही तसेंच. पुरेशा परीक्षेवांचून टिकाऊपणाची हमी छापणेंसुद्धां त्याच सदरांत मोडतें. शेतकरी हा ग्राहक आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं बियाण्याच्या प्रकरणांत स्पष्ट केलें आहे. आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबाग येथें आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, आणि पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस तेथें फी पडत नाहीं. प्रथम १९१५ या क्रमांकाच्या ग्राहक मदतवाहिनीवर फोन केल्यास पुष्कळदां तेवढ्यानेंच काम होतें. तथापि एका फावड्यासाठीं अलिबागची वाट कोण धरणार, हें विकणाराही जाणतो.

सबब या कामीं एकट्यानें जाण्यापेक्षां चार जणांनीं मिळून जावें हें उत्तम. आपल्या सोसायटीनें पावसाळ्यापूर्वीं व कापणीपूर्वीं सभासदांची मागणी एकत्र करून, पारखलेला माल एका पावतीवर घ्यावा. दर दहा विळ्यांमागें दोन जास्त घेऊन राखून ठेवावे. जवळच्या लोहारास आगाऊ सांगून, योग्य मजुरी ठरवून, हंगामापूर्वीं धार, दांते व पाणी करून घ्यावें. लोहाराची भट्टी चालूं राहिली, तर हमी हांकेच्या अंतरावर राहील. ती विझली, तर चिठ्ठीवरील अक्षरांखेरीज आपल्या हातीं कांहीं उरणार नाहीं.